एटीजमधल्या अमेरिकन हायस्कूलचे कंपू आणि त्यांचे कपडे: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी ऑगस्ट १९८४ मध्ये डोंबिवलीहून न्यू जर्सीला आले तेव्हा चौदा वर्षांची होते, बाबांना तिकडे नोकरी लागली म्हणून आम्ही सगळेच गेलो आणि पुढची चार वर्षं मी तिथल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये काढली. त्या काळावरच्या वेबसिरीज यायला लागल्यापासून भाचरं, मैत्रिणींची मुलं, आमच्या मंडळात नवीन आलेली जोडपी, सगळी मला तेच तेच प्रश्न विचारतात आणि फोनवर दरवेळी अर्धवटच सांगून होतं. म्हणून एकदा बसून नीट लिहिलंय. काही डोळ्यांनी बघितलेलं आहे, काही नंतर वाचून कळलेलं आहे आणि वाचल्यावर त्या वेळी काय चाललं होतं त्याचा अर्थ लागला, तेही सांगितलंय.

क्लिक म्हणजे नक्की काय? आपल्याकडच्या ग्रुपसारखंच ना?

आपल्याकडे ज्याला कंपू म्हणतात तेच, पण तिकडे तो जास्त घट्ट होता आणि त्याला एक साधं कारण आहे जे सिनेमात कधी दिसत नाही. आपल्या शाळेत अ तुकडी, ब तुकडी असते, तीच पन्नास-साठ मुलं वर्षभर त्याच वर्गात त्याच बाकांवर आणि शिक्षक बदलून येतात. तिकडे उलटं. शिक्षक आपापल्या खोलीत बसलेले असतात आणि दर पिरियडला घंटा झाली की सगळी शाळा उठून कॉरिडॉरमधून पळते, गणिताला वेगळी मुलं, इतिहासाला वेगळी, जिमला अजून वेगळी. दिवसभर तुम्ही तुमच्या अशा कुणाबरोबरच नसता. त्यामुळे आपली माणसं कोण हे ठरतं फक्त लॉकरपाशी, बसमध्ये आणि जेवणाच्या सुट्टीत, आणि हजार-दीड हजार मुलांच्या गर्दीत आपलं माणूस लांबून ओळखता यायला हवं तर ते कपड्यांवरूनच ओळखणार. युनिफॉर्म नव्हताच. मला तर वाटतं युनिफॉर्म नसणं आणि तुकडी नसणं या दोन गोष्टींतून अर्धे कंपू तयार झाले.

हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी, चौदा ते अठरा वयाची मुलं. नववीच्यांना फ्रेशमन, मग सोफोमोर, ज्युनियर, सीनियर.

कॅफेटेरियात बसायच्या जागा खरंच ठरलेल्या असायच्या का?

हो. कुठे लिहिलेलं नसायचं, कुणी सांगायचं नाही, आणि सगळ्यांना माहीत असायचं.

माझा पहिला दिवस मला अजून जसाच्या तसा आठवतो. आईने पोळी आणि बटाट्याची सुकी भाजी फॉइलमध्ये गुंडाळून दिली होती, ती हातात घेऊन मी दारात उभी. लांबच लांब टेबलं, त्यांना जोडलेली गोल स्टुलं, आणि आवाज एवढा की डोंबिवली स्टेशनला सकाळी साडेआठला असतो तेवढा. खिडकीजवळच्या टेबलावर सगळ्या मुलींनी एकसारखे गुलाबी, पोपटी, पिवळे टी-शर्ट घातलेले, कॉलर वर उभ्या केलेल्या. तिथे एक स्टूल रिकामं दिसलं म्हणून मी गेले तर एक मुलगी अगदी गोड आवाजात म्हणाली की इथे कुणीतरी बसतंय. कुणीच बसत नव्हतं. ते स्टूल पूर्ण सुट्टीभर रिकामं राहिलं, मी दुसऱ्या टोकाकडून बघत होते. शेवटी कचऱ्याच्या पिंपाजवळच्या टेबलावर बँडमधली मुलं क्लॅरिनेटच्या पेट्या पायाशी ठेवून बसली होती, त्यांनी पेट्या सरकवून मला जागा करून दिली आणि त्यातल्या एकाने विचारलं की पिवळं काय आहे. हळद, मी म्हटलं, आणि मग हळद इंग्रजीत सांगता येईना. ते टेबल पुढे दोन वर्षं माझं होतं.

मुख्य गट कोणकोणते होते?

नावं गावागणिक बदलायची पण साधारण असं धरा. खेळाडू म्हणजे जॉक्स, त्यांच्या अंगावर शाळेचं अक्षर शिवलेलं जाड लोकरीचं जॅकेट, ज्याच्या बाह्या लेदरच्या. ही अक्षराची प्रथा खूप जुनी आहे, हार्वर्डच्या बेसबॉल टीमने १८६५ मध्ये शर्टावर एच लावला तिथपासूनची, आणि गर्लफ्रेंडने बॉयफ्रेंडचं जॅकेट घालून फिरणं म्हणजे शाळेभर जाहीर केल्यासारखंच. त्यांच्याच शेजारी चीअरलीडर्स आणि प्रेपी. मग दुसऱ्या टोकाला बर्नआउट, ज्यांना कुठे स्टोनर तर कुठे फ्रीक म्हणायचे. त्यांच्यातच बरेचसे मेटलहेड, म्हणजे हेवी मेटल रॉक ऐकणारी मुलं, मिसळलेले. मग पंक, न्यू वेव्हवाले, स्केटर, नाटकातली मुलं, बँडमधली मुलं, कॉम्प्युटर लॅबमधली नर्ड मुलं, आणि ब्रेकडान्स करणारी मुलं ज्यांच्या खांद्यावर तो मोठ्ठा टेपरेकॉर्डर असायचा.

पण ही यादी वाचून असं वाटेल की प्रत्येक मूल कुठल्यातरी एका डब्यात होतं. तसं अजिबात नव्हतं आणि त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय, ते नक्की वाचा, कारण मला सगळ्यात जास्त तेच सांगायचंय.

प्रेपी म्हणजे श्रीमंत मुलं का?

प्रेप स्कूल म्हणजे ईस्ट कोस्टच्या महागड्या खाजगी शाळा, तिथून हा शब्द आला. म्हणजे मुळात पिढ्यानपिढ्या पैसा असलेल्या घरांचा पेहराव: मगरीचं चित्र असलेला लाकोस्तचा टी-शर्ट, कॉलर उभी, कधी एकावर एक दोन टी-शर्ट, खाकी पँट, मोजे न घालता बोटीवर घालायचे ते तपकिरी बूट, खांद्यावर टाकून पुढे गाठ मारलेला स्वेटर. मुलींच्या गळ्यात सोन्याची बारीक साखळी आणि त्यात सोन्याचे मणी, जे दर वाढदिवसाला आजी-मावशी एकेक आणून द्यायच्या आणि माळ भरत जायची. हे कळल्यावर माझी आई पटकन म्हणाली, म्हणजे यांच्याकडेही थोडं थोडं सोनं करतात की.

१९८० मध्ये या लोकांची मजेत टिंगल करणारं एक हँडबुक निघालं, ते तुफान खपलं, आणि झालं असं की मध्यमवर्गीय मुलांनी ते गाईडसारखं वापरलं, काय घालायचं, काय नाही. म्हणजे १९८४ मध्ये माझ्या शाळेत ज्यांच्या कॉलर उभ्या होत्या त्यातल्या कित्येकांचे वडील साधे विमा एजंट नाहीतर दुकानदार होते. पैसा कमी असला तरी मगर अंगावर असली की त्या टेबलावर बसता यायचं.

बर्नआउट म्हणजे वाया गेलेली मुलं?

नाही, आणि हा प्रश्न ऐकला की मला आजही वाईट वाटतं कारण मीसुद्धा पहिलं वर्षभर तसंच समजत होते.

नाव ड्रग्जवरून पडलं हे खरं आहे आणि त्यातली काही मुलं गांजा ओढायची हेही खरं. सिगारेट तर बहुतेक सगळी. आता ऐकून धक्का बसेल पण त्या काळी अमेरिकेतल्या बऱ्याच हायस्कूलांमध्ये विद्यार्थ्यांसाठी शाळेच्या आवारातच स्मोकिंग एरिया असायचा, अधिकृत. ही मुलं तिथे उभी असायची, थंडीतसुद्धा, डेनिमचं किंवा काळं लेदर जॅकेट, आत बँडचं नाव असलेला टी-शर्ट ज्याच्या बाह्या वेगळ्या रंगाच्या आणि कोपरापर्यंत.

पेनेलोपी एकर्ट नावाच्या एक भाषाशास्त्रज्ञ आहेत. त्या ८०च्या दशकाच्या सुरुवातीला डेट्रॉइटच्या उपनगरातल्या हायस्कूलमध्ये दोन वर्षं मुलांमध्ये मिसळून राहिल्या, आणि त्यांनी जे लिहिलंय ते मी खूप वर्षांनी वाचलं तेव्हा माझी शाळाच समोर उभी राहिली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की जॉक आणि बर्नआउट हा फरक खेळाचा किंवा नशेचा नव्हताच, घरच्या परिस्थितीचा आणि पुढे काय होणार त्याचा होता. जॉक्स म्हणजे शाळेच्या सगळ्या उपक्रमांत असणारी मुलं, कॉलेजला जाणार, म्हणून शाळा हीच त्यांची दुनिया. बर्नआउट म्हणजे जास्त करून कामगार घरातली, बारावी झाली की त्याच भागात कामाला लागणार, त्यामुळे शाळेची कमिटी, डान्स, निवडणुका यांचा त्यांना काही उपयोगच नव्हता, आणि शाळेने त्यांच्या उपयोगाचं फारसं काही ठेवलेलंही नव्हतं. एवढं बारीक निरीक्षण आहे की वाचताना अंगावर येतं. बर्नआउट मुलं लॉकर वापरायची नाहीत, जॅकेट दिवसभर अंगावरच, म्हणजे कुठल्याही क्षणी निघता येईल असं. शाळेच्या कुठल्या भागात उभ्या असलेल्या मुलांची जीन्स खाली किती रुंद हेसुद्धा त्यांनी नोंदवलं, बर्नआउटच्या अंगणात बेलबॉटम रुंद आणि जॉक्सच्या जागेकडे जाल तशी जीन्स खाली अरुंद होत जाते. बोलण्यातसुद्धा फरक, ‘लंच’मधला अ बर्नआउट मुली, त्यातही पक्क्या बर्नआउट मुली, ‘लॉन्च’कडे झुकवून म्हणायच्या, डेट्रॉइट शहरातल्या बोलीसारखा, आणि कॉलेजकडे डोळे लागलेल्या मुलांचं तसं कमी व्हायचं.

आणि अजून एक. जॉक्सची मैत्री वर्गाप्रमाणे, दहावीतला दहावीतल्यांशीच. बर्नआउट मुलांची मैत्री आळीतली, त्यात मोठा भाऊ, त्याचे मित्र, धाकटी बहीण, शेजारचा पोरगा, सगळे. हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून बसून राहिले. कारण आमच्या डोंबिवलीच्या चाळीत अगदी असंच होतं, आठ वर्षांच्या पोरापासून कॉलेजच्या दादापर्यंत सगळे एकाच गॅलरीत, मोठ्यांनी लहानांना सांभाळायचं, आपल्याकडे असेल ते वाटून खायचं. ज्यांना मी घाबरून लांबून जात होते तीच मुलं त्या अख्ख्या शाळेत माझ्या चाळीच्या सगळ्यात जवळची होती.

मेटल, पंक, न्यू वेव्ह, गॉथ... फरक काय? सगळे काळेच घालायचे ना?

लांबून तसंच वाटायचं. पण त्यांना विचारलंत तर रागावले असते.

मेटलवाल्यांचे केस लांब, डेनिम जॅकेटवर बँडचे पॅच हाताने शिवलेले, आणि आवडता बँड जाहीर करण्यात मोठा अभिमान. पंक हाही रॉकचाच एक प्रकार, ब्रिटनमधून १९७६-७७ च्या सुमारास गाजला, पण अमेरिकेतल्या उपनगरांमध्ये ८० नंतर जो आला तो हार्डकोर, जास्त वेगवान, केस बारीक कापलेले, साधा टी-शर्ट आणि जड बूट, फॅन्सी काही नाही. त्यातूनच वॉशिंग्टनमध्ये स्ट्रेट एज निघाला म्हणजे दारू नाही, ड्रग्ज नाही, सिगारेट नाही. त्यांची खूण हातावर काळ्या मार्करने काढलेली फुली. ती कुठून आली तर क्लबमध्ये अल्पवयीन मुलांना गाणं ऐकायला आत सोडायचे पण दारू देऊ नये म्हणून हातावर फुली मारायचे, आणि मुलांनी तीच फुली अभिमानाने स्वतः काढायला सुरुवात केली. मला ही गोष्ट फार आवडते.

न्यू वेव्हवाले म्हणजे एका बाजूने लांब आणि दुसऱ्या बाजूने कापलेले केस, डोळ्यात काजळ, मुलांच्यासुद्धा, जुन्या कपड्यांच्या दुकानातून आणलेले आजोबांचे कोट. याचं मूळ लंडनमधलं, कॉव्हेंट गार्डनच्या ब्लिट्झ क्लबमध्ये १९७९-८० मध्ये जी मुलं नटून जायची तिथलं. गॉथचा क्लब बॅटकेव्ह, तोही लंडनच, सोहोमध्ये १९८२ ला उघडला. मग हे न्यू जर्सीच्या पोरांपर्यंत कसं पोचलं? एमटीव्ही. १ ऑगस्ट १९८१ ला चॅनल सुरू झालं, दाखवायला व्हिडिओ हवेत आणि ते ब्रिटिश बँडकडे भरपूर तयार होते, म्हणून सुरुवातीला लंडनची हेअरस्टाईल थेट ओहायोच्या बेडरूममध्ये. काळ्या कलाकारांचे व्हिडिओ मात्र सुरुवातीला फार कमी लावायचे, १९८३ मध्ये मायकेल जॅक्सनने ते दार उघडलं.

स्केटर म्हणजे स्केटबोर्डवाली मुलं वेगळी, त्यांच्याकडे कॅलिफोर्नियाचं मासिक थ्रॅशर, जे जानेवारी १९८१ ला सुरू झालं, आणि पायात व्हॅन्सचे बूट, ते काळे-पांढरे चौकटीचे १९८२ च्या एका हायस्कूल सिनेमाने देशभर खपले.

मेटल ऐकणारी मुलं सैतानाची पूजा करतात असं पालकांना खरंच वाटायचं?

खरंच वाटायचं, आणि प्रकरण थेट संसदेपर्यंत गेलं. १९ सप्टेंबर १९८५ ला सिनेटमध्ये सुनावणी झाली, रॉक गाण्यांचे शब्द मुलांना बिघडवतात का यावर, आणि ट्विस्टेड सिस्टर या मेटल बँडचा गायक डी स्नायडर तसाच विस्कटलेल्या पिवळ्या केसांनी आणि डेनिममध्ये जाऊन बसला आणि शांतपणे म्हणाला की मी ख्रिश्चन आहे, दारू, सिगारेट, ड्रग्ज काही घेत नाही. त्यानंतर रेकॉर्ड कंपन्यांनी स्वतःहून कव्हरवर इशारा छापायला सुरुवात केली. मुलांना आयती यादी मिळाली कुठली रेकॉर्ड घ्यायची त्याची.

हिप-हॉपवाली मुलं कुठे होती? सिनेमात दिसत नाहीत.

सिनेमात दिसत नाहीत कारण ते सिनेमे शिकागोच्या गोऱ्या उपनगरांवरचे. आमच्याकडे न्यूयॉर्क जवळ, तर १९८४ मध्येच कॉरिडॉरच्या टोकाला पुठ्ठा पसरून ब्रेकडान्स चालायचा, नायलॉनच्या चकचकीत पँट, कांगोलची टोपी. मग रन-डीएमसी हा रॅप गाणारा ग्रुप आला. काळी टोपी, काळा कोट आणि पायात आदिदासचे पांढरे बूट, लेस काढून टाकलेले. १९८६ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांनी स्टेजवरून सांगितलं की तुमचे आदिदास वर करा आणि हजारो लोकांनी बूट काढून हवेत धरले. त्या वेळी कंपनीचा माणूस तिथे हजर होता आणि नंतर कंपनीने त्यांच्याशी करार केला, सोळा लाख डॉलरचा. रस्त्यावरच्या पोरांच्या आवडीला एवढी किंमत आहे हे कंपन्यांना तेव्हा कळलं आणि पुढचं सगळं आपण बघतोच आहोत.

एवढे पैसे मुलं आणायची कुठून?

हा प्रश्न फक्त मराठी आई-बाबाच विचारतात, आणि बरोबर विचारतात.

हिशोब करू. १९८५ ला एअर जॉर्डनचा पहिला बूट आला तो ६५ डॉलरला. तेव्हा किमान वेतन तासाला ३ डॉलर ३५ सेंट, जे १९८१ पासून १९९० पर्यंत तेवढंच राहिलं. म्हणजे कर न धरतासुद्धा साडेएकोणीस तास बर्गरच्या दुकानात उभं राहायचं तेव्हा एक जोड बूट. आणि डॉलर तेव्हा बारा-साडेबारा रुपयांचा, म्हणजे आठशे रुपये! माझ्या बाबांनी दुकानात किमतीची चिठ्ठी उलटी करून बघितली आणि मनातल्या मनात गुणाकार केला, ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि मी स्वतःच म्हटलं मला नकोत.

बरीच मुलं सोळा झाली की मॉलमध्ये काम करायची. मी पण केलं, एका कापडाच्या दुकानात, शनिवार-रविवार. ज्यांना काम करायची गरज नव्हती त्यांच्या अंगावरच सगळ्यात आधी नवीन वस्तू दिसायची आणि आमच्या अंगावर येईपर्यंत तिची फॅशन उतरलेली असायची, हे चक्र मी चार वर्षं बघितलं. स्वॉच घड्याळाचं पण तेच, १९८३ ला आलं आणि काही मुली एका हातात दोन-दोन, तीन-तीन घालायच्या. काळ्या रबराच्या बांगड्या मात्र सगळ्यांना परवडायच्या, मॅडोनामुळे आलेल्या, मूठभर घ्यायच्या.

व्हॅली गर्ल हा काय प्रकार?

लॉस एंजेलिसजवळचं सॅन फर्नांडो व्हॅली, तिथल्या मॉलमध्ये फिरणाऱ्या मुलींची बोलायची पद्धत. १९८२ ला फ्रँक झापा या रॉक संगीतकाराने आपल्या चौदा वर्षांच्या मुलीला, मूनला, तसं बोलायला लावून गाणं केलं ते टिंगल म्हणून, आणि देशभरच्या मुली तसंच बोलायला लागल्या. वाक्यात दर चार शब्दांनी ‘लाइक’ येतं ना, ती सवय तेव्हा अशी सगळीकडे पसरली.

केस एवढे उभे कसे राहायचे? आणि त्या स्प्रेने ओझोनला भोक पडलं का?

ॲक्वा नेट नावाचा केसांचा स्प्रे. डोकं खाली करून केस उलटे लोंबत ठेवायचे, मुळाशी उलटा कंगवा फिरवायचा, स्प्रे मारायचा, सुकू द्यायचा, मग एकदम डोकं वर. सकाळी सातला मुलींच्या बाथरूममध्ये एवढा धूर की खोकला यायचा. ओझोनचं म्हणाल तर अमेरिकेने स्प्रेच्या डब्यांमधला सीएफसी, म्हणजे ओझोनला घातक असलेला वायू, १९७८ लाच जवळजवळ बंद केला होता, म्हणजे एटीजमधल्या आमच्या डब्यांवर तो आरोप लागू होत नाही. माझ्या केसांना लहानपणापासून खोबरेल तेल, त्यामुळे ते काही केल्या उभे राहिले नाहीत.

सगळी भारतीय मुलं नर्ड गटात होती का?

टाकली जायची. चष्मा, गणितात चांगले मार्क, झालं. आमच्या शाळेत कॉम्प्युटर क्लब होता, काही मुलांच्या घरी कमोडोर ६४ असायचा जो १९८२ ला आला, आणि तीच मुलं शुक्रवारी रात्री फासे टाकून राक्षस-राजपुत्रांचे खेळ खेळायची. तेव्हा नर्ड ही शिवी होती. अभिमानाने सांगायचा शब्द ती फार नंतर झाली, आणि ज्यांनी ती शिवी झेललीय त्यांना अजूनही तो शब्द ऐकून पोटात गोळा येतो, मला माहितीय कारण त्यातल्या दोघांशी माझी आजही मैत्री आहे.

मग मराठी मुलं कुठे बसायची?

१९६५ च्या कायद्याने अमेरिकेची दारं आशियातल्या शिकलेल्या लोकांना उघडली, डॉक्टर-इंजिनियर आले, आणि त्यांची पहिली पिढी नेमकी ८०च्या दशकात हायस्कूलमध्ये पोचली. बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ ला स्थापन झालं ते याच लोकांनी. म्हणजे मुलं सोमवार ते शुक्रवार एका जगात आणि शनिवारी कुणाच्यातरी बेसमेंटमध्ये गणपतीच्या आरतीला. शाळेतले कपडे वेगळे, मंडळातले वेगळे, आणि काही मुलं गाडीतच टी-शर्ट बदलायची.

आमच्यासाठी कपडे हा नुसता स्टाईलचा विषय कधीच नव्हता. १९८७ साली जर्सी सिटीत ‘डॉटबस्टर्स’ नावाचं टोळकं उठलं, डॉट म्हणजे कपाळावरचं कुंकू, आणि भारतीयांना इथून हाकलून देऊ असं त्यांचं पत्र तिथल्या पेपरात छापून आलं. त्याच वर्षी होबोकनमध्ये एका भारतीय तरुणाला मारहाण झाली, त्यात तो गेला. आम्ही तिथून पाऊण तासावर राहायचो. आईने त्या आठवड्यापासून दुकानात जाताना टिकली काढून आरशाच्या कडेला चिकटवायला सुरुवात केली आणि घरी आली की तीच परत लावायची. आरशाच्या कडेला टिकल्यांची एक रांगच झाली होती. मी शाळेत कुठल्या टेबलावर बसते याचं जे मला दुःख वाटायचं ते तेव्हा एकदम फार छोटं झालं.

सिनेमात दाखवतात तसे सगळे गट एकमेकांपासून इतके तुटलेले होते का?

सगळ्यांच्या डोक्यात असतो तो १९८५ चा ‘द ब्रेकफास्ट क्लब’, शनिवारी शिक्षा म्हणून शाळेत बसवलेली पाच मुलं: हुशार, खेळाडू, विक्षिप्त, राजकन्या आणि गुन्हेगार. सिनेमा मनापासून बनवलाय आणि माझ्या वयाच्या सगळ्यांना तो जवळचा वाटतो. पण त्यात एक मुलगी किंवा मुलगा राहून गेला, जो यातला कुणीच नाही.

एकर्टबाईंनी मुलांना विचारलं तेव्हा बहुतेक मुलांनी काय सांगितलं माहितीय? आम्ही मधले. ना जॉक ना बर्नआउट. म्हणजे ज्या दोन टोकांवर अख्ख्या शाळेचा नकाशा काढलेला त्या टोकांवर थोडीच मुलं होती, आणि बाकीची सगळी मध्ये कुठेतरी, आज इकडे थोडं, उद्या तिकडे थोडं, बँडमध्ये वाजवणारा आणि मेटल ऐकणारा, चर्चला जाणारी आणि मॅडोनासारख्या बांगड्या घालणारी. या मुलांवर कुणी सिनेमे काढले नाहीत. त्यांच्या कपड्यांना नाव नव्हतं. पण शाळा त्यांनीच भरलेली होती आणि मी त्यातलीच एक.

त्याच काळात मुंबई-पुण्यात असं काही होतं का?

शाळेत नाही, युनिफॉर्म आणि दोन वेण्या. कॉलेजात होतं, पण तिथे कपड्यांपेक्षा तुम्ही कुठल्या कट्ट्यावर बसता आणि इंग्लिश मीडियम की मराठी मीडियम यावर जास्त. एमटीव्ही भारतात १९९१ ला आलं, तोपर्यंत दूरदर्शनचं छायागीत आणि कुणाच्यातरी दुबईच्या काकांनी आणलेल्या कॅसेटी. मात्र मुंबईत रॉकची मुलं होती, धोबीतलावच्या रंगभवनात कॉन्सर्ट व्हायच्या, रॉक मशीन हा बँड १९८४ चा आणि इंडिपेंडन्स रॉक हा रॉकचा महोत्सव १९८६ पासूनचा. माझा मामेभाऊ त्यातला. १९८७ ला सुट्टीत गेले तेव्हा त्याने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती, काळा बँडचा टी-शर्ट, आणि तो दादरहून लोकलने तिथे जाताना त्यावर साधा शर्ट घालायचा आणि आत गेल्यावर बटणं उघडायचा.

मुलीच्या शाळेत ‘एटीज डे’ आहे. काय घालू?

निऑन रंगाचे लेग वॉर्मर आणि खोटे कुरळे केस आणू नका, आम्ही कुणी तसे शाळेत जात नव्हतो. बाबांचा जुना मोठा शर्ट घ्या, बाह्या दोनदा दुमडा, मनगटात चार-पाच काळ्या रबरी बांगड्या, पांढरे मोजे, साधे कापडी बूट. आणि जीन्स, पण ती पेग करा.

पेग करायला मला जिने शिकवलं ती माझ्या लॉकरच्या शेजारच्या लॉकरवाली. लॉकर ती कधी उघडायची नाही, डेनिम जॅकेट अंगातच, केसांना सिगारेटचा वास. दोन वर्षं आम्ही एक शब्द बोललो नव्हतो. १९८६ च्या हिवाळ्यात एकदा बाथरूममध्ये माझ्या पायाकडे बघून ती म्हणाली की तुझी जीन्स खाली फार फडफडते, थांब, आणि सरळ फरशीवर गुडघे टेकून बसली. करायचं असं: घोट्याजवळ आतल्या बाजूला जेवढं कापड जास्तीचं आहे ते चिमटीत धरा, घट्ट ओढा, पायाला चिकटेल इतकं. मग ती चिमट मागच्या बाजूला सपाट दाबून धरा, सोडू नका, आणि दुसऱ्या हाताने खालची काठ वर दुमडा, बोटाएवढी रुंद. परत एकदा दुमडा. दुसरी घडी पहिलीवर पक्की बसली की ती आपोआप धरून राहते, पिन लागत नाही. दुसरा पाय तिने मला स्वतःला करायला लावला आणि सैल झाला तेव्हा सोडवून परत करायला लावला.